कात्रणवहीत आपली बातमी का नसते?

गेल्या डिसेंबरची गोष्ट. आमच्या अभ्यासिकेत नववीतली एक मुलगी वही, कात्री आणि डिंकाची बाटली घेऊन बसली होती. शाळेने प्रकल्प दिला होता, ‘चालू घडामोडी’. पंधरा दिवसांतल्या दहा बातम्या कापायच्या, वहीत चिकटवायच्या आणि प्रत्येकीखाली पाच ओळींत स्वतःचे मत लिहायचे. घरी पेपर येत नाही, म्हणून तिने शेजारच्यांकडून रद्दी मागून आणली होती. दहापैकी तीन कात्रणे ६ डिसेंबरची होती. एक दादरमधल्या वाहतूक बदलाचे, दुसरे जादा गाड्यांचे आणि तिसरे शिवाजी पार्कातल्या गर्दीच्या फोटोचे.

फोटोखाली तिने सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘दरवर्षी या दिवशी दादरला खूप गर्दी होते. त्यामुळे स्थानिक नागरिकांची गैरसोय होते. लोकांनी शिस्त पाळावी. परिसर स्वच्छ ठेवावा. प्रशासनाने योग्य नियोजन करावे.’

मी विचारले, “तुमच्याकडे कोणी आलं होतं का गं?”

“हो दादा. यवतमाळची आत्या आली होती. तिच्याबरोबर गावातली अकरा माणसं होती. आम्ही सगळे पॅसेजमध्ये झोपलो.”

“आत्या कशाला येते?”

“दरवर्षी येते. पुस्तकं घेऊन जाते, गावातल्या विहारात ठेवते.”

“मग हे का नाही लिहिलंस?”

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मलाच काही कळत नाही. “दादा, ते पेपरात नव्हतं ना.”

त्या उत्तराने माझी झोप उडाली. ज्या आत्यासाठी तिने स्वतःची गादी सोडली, ती आत्या तिच्याच वहीत ‘गैरसोय’ झाली होती. मुलीला हे कोणी शिकवले नाही. कोणी द्वेषाचे भाषण केले नाही. तिने फक्त बातमी प्रामाणिकपणे वाचली आणि बातमीने जे मत तिच्या हातात ठेवले, तेच ‘स्वतःचे मत’ म्हणून उतरवले.

या लेखाचा मुद्दा हाच आहे. शाळेतला कात्रणांचा प्रकल्प आपण क्षुल्लक समजतो. कापा, चिकटवा, सही घ्या, दहा गुण. पण मूल पहिल्यांदा जगाबद्दल लेखी मत देते ते याच वहीत. ते मत कोणाच्या डोळ्यांनी बनते, हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे.

मी शिक्षकांना दोष देत नाही. एका वर्गात पन्नास-साठ मुले, वरून पोर्शन, वरून निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. त्यांनी साठ वह्यांतल्या सहाशे कात्रणांवर चर्चा कधी करायची? मुलेही हुशार आहेत. स्टेशनरीच्या दुकानात छापील चित्रे मिळतात, झेरॉक्सवाल्याकडे बातम्यांचे प्रिंट मिळतात आणि आता तर मोबाईलला विचारले की पाच ओळी तयार. वही भरते. पण त्या वहीत मुलाचे काहीच नसते.

गंमत म्हणजे अभ्यासक्रमाने असे सांगितलेले नाही. गेली काही वर्षे चालत आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा आख्खा धडा आहे. प्रसारमाध्यमांतून मिळणाऱ्या माहितीचे चिकित्सक आकलन करावे, ती तपासून घ्यावी, असे तो धडाच सांगतो. उदाहरण मात्र थेट जर्मनीचे. ‘स्टर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या म्हणून विकत घेतलेल्या वह्या बनावट निघाल्या. उदाहरण खरे आहे, चांगलेही आहे. पण परळच्या पोराला त्यासाठी जर्मनीला जायची गरज काय? घाटकोपर इथून अर्ध्या तासावर आहे.

११ जुलै १९९७. रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी लोकांना दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. लगेच सरकारी बाजू पुढे आली की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, गोळीबार केला नसता तर मोठा अनर्थ झाला असता. त्या दिवसांत ज्याने फक्त ही बाजू कापून वहीत चिकटवली असेल, त्याच्या पाच ओळी काय असतील? ‘जमावाने कायदा हातात घेऊ नये.’ पुढे गुंडेवार आयोगाने टँकरची ती गोष्ट ग्राह्य धरली नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले, नंतर उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला. म्हणजे एका बातमीचे निदान चार तुकडे झाले: घटना, सरकारचा दावा, आयोगाचा निष्कर्ष, न्यायालयाचा निकाल. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात बारा वर्षांचे अंतर. पंधरा दिवसांच्या कात्रणवहीत यातले किती मावणार? बहुतेक वेळा दुसराच तुकडा मावतो, कारण तो सर्वात मोठ्या आवाजात सांगितला जातो.

आता कोणी म्हणेल, शाळकरी मुलांना एवढे खोल कशाला न्यायचे? त्याला माझे उत्तर परळच्या पोयबावडीत आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तो परळमधून. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पहिल्या अंकाचा अग्रलेख आपण भाषणांत नुसता नावाने घेतो. तो एकदा विद्यार्थ्याच्या नजरेने वाचून पाहा. अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण मुंबई इलाख्यातली वर्तमानपत्रे समोर पसरून बसला आहे आणि विचारतो आहे की, ही पत्रे कोणाच्या हिताची चर्चा करतात आणि कोणाला वगळतात? चालू घडामोडींचे विश्लेषण याहून वेगळे काय असते? आणि त्यांनी सरसकट शिवीगाळ केली नाही. ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘डेक्कन रयत’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोध पत्रिका’ ही पत्रे अस्पृश्यांच्या प्रश्नाला कधीमधी जागा देतात, हे त्यांनी नावे घेऊन नोंदवले. मग सांगितले की, ती जागा पुरत नाही, म्हणून स्वतंत्र पत्र हवे. आधी वाचन, मग मोजमाप, मग निष्कर्ष.

‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला, हा प्रसंग आपल्याला तोंडपाठ आहे. त्यातून आपण संताप घेतो. पण त्यातली दुसरी शिकवण निसटते. न छापलेली गोष्टही पुरावा असते. छापलेले वाचता येणे ही साक्षरता झाली. न छापलेले ओळखता येणे ही बाबासाहेबांची साक्षरता.

ही साक्षरता नववीच्या मुलीला शिकवता येते का? येते. आम्ही गेले काही महिने अभ्यासिकेत पाच प्रश्न घेऊन बसतो. ते इथे देतो.

पहिला प्रश्न: वाक्याचा कर्ता कोण? मथळा असतो, ‘गटार साफ करताना तीन कामगारांचा गुदमरून मृत्यू’. व्याकरणाने ठीक आहे. पण त्यांना आत कोणी उतरवले? मथळ्यात तो माणूस नाही. मुलांना सांगा, हे वाक्य कर्ता दाखवून लिही. ‘अमुक ठेकेदाराने सुरक्षेची साधने न देता तीन कामगारांना गटारात उतरवले, ते मेले.’ लगेच प्रश्न उभे राहतात. ठेकेदाराला काम कोणी दिले? हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा आहे, मग गुन्हा कोणत्या कलमाखाली दाखल झाला? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली, ती मिळाली का? आणि मरणारे बहुतेक एकाच समाजाचे का असतात? मराठीच्या तासाला शिकलेला ‘प्रयोग’ इथे कामाला येतो. व्याकरणाचा असा उपयोग मुलांनी पाहिलेला नसतो.

दुसरा प्रश्न: बातमीत कोण बोलले आणि कोणाला विचारलेच नाही? १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. आनंदाचीच बातमी आहे आणि ज्यांनी शंभर वर्षांच्या चाळीत सार्वजनिक संडासासमोर रांगा लावल्या, त्यांच्या आनंदाला मी नाक मुरडणार नाही. पण कात्रणात मोजा. किती ओळी मंत्र्यांच्या, किती अधिकाऱ्यांच्या आणि किती रहिवाशांच्या? त्या रहिवाशांत बाई किती? देखभालीचा खर्च पुढे कोण भरणार, हे कोणी विचारले का? चाळीतली विहारे, वाचनालये, मंडळांच्या खोल्या यांचे काय होणार, हे आले का? नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या चाळींतल्या मुलांना हा प्रश्न परका नाही, त्यांचे घरच त्या यादीत आहे.

गिरणगावाच्या आठवणींचे लेखही असेच तपासा. लालबागचे गणपती, भोंगे, खानावळी, १९८२ चा संप, सगळे येते. पण गिरणीत कापडखात्यात साच्यावर अस्पृश्यांना काम मिळत नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई, हे किती लेखांत येते? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. आठवण सांगणाऱ्याने तो वगळला, म्हणून तो घडलाच नव्हता असे होत नाही.

तिसरा प्रश्न: या बातमीचे पुढे काय झाले? ६ डिसेंबर २०११ रोजी आपले कार्यकर्ते इंदू मिलमध्ये घुसले आणि जागेचा ताबा घेतला. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी स्मारकाचे भूमिपूजन झाले. तेव्हापासून काम कधी पूर्ण होणार, याच्या ज्या ज्या तारखा जाहीर झाल्या, त्यांची कात्रणे शोधा आणि एका कागदावर एकाखाली एक लिहा. शेजारी बोलणाऱ्याचे नाव आणि पद. बस्स. मत लिहायची गरजही पडणार नाही. कागदच बोलेल.

चौथा प्रश्न: हे बातमी होण्याजोगे आहे, असे कोणी ठरवले? २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या अहवालाने माध्यमांतल्या १२१ वरिष्ठ पदांची पाहणी केली. १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नव्हता. हा आकडा शिवी म्हणून वापरू नका. संपादकाच्या जातीवरून बातमी खोटी ठरत नाही. पण ज्या टेबलावर ६ डिसेंबरच्या पानाची आखणी होते, तिथे एकाच्याही घरी यवतमाळची आत्या येत नसेल, तर त्या पानावर वाहतूक बदलच येणार. त्यात कारस्थान शोधण्याची गरज नाही. ती त्या टेबलाची मर्यादा आहे आणि मर्यादा दाखवून देता येते.

पाचवा प्रश्न: मूळ कागद कुठे आहे आणि पाहणारा माणूस कुठे आहे? शासन निर्णयाची बातमी असेल तर शासन निर्णय संकेतस्थळावर मिळतो. निकालाची बातमी असेल तर निकाल वाचता येतो, निदान शेवटची दोन पाने तरी. आणि जिथे कागद नाही, तिथे माणसे आहेत. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, १० जानेवारीच्या मोर्चावर परळमध्ये हल्ला झाला आणि त्यात पँथर भागवत जाधव मारले गेले. ते दिवस पाहिलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. आजोबांना विचारा, लिहून घ्या, मग ग्रंथालयात त्या तारखांचे जुने अंक मागा आणि दोन्ही समोरासमोर ठेवा. आजोबांचीही चूक होऊ शकते, पेपराचीही. ताडून पाहणे हाच अभ्यास. आणि घाई करा. चाळी पाडल्या जात आहेत, माणसे विखुरत आहेत, जात आहेत.

आता दोन आक्षेप. पहिला शाळेतून येतो: “हे राजकारण आहे, प्रकल्पात नको.” एका मुलाच्या वहीवर लाल शाईने असे लिहून आलेले मी पाहिले आहे. त्याने गटारातल्या मृत्यूचे कात्रण लावले होते. यावर पालकांनी भांडायला जाऊ नये. वही घेऊन जावे, पाठ्यपुस्तकातला तो धडा उघडावा आणि नम्रपणे विचारावे, “सर, चिकित्सक आकलन करा असं इथे छापलंय. याने तेच केलंय ना?” आमच्या मुलाने प्रत्येक वाक्याला आधार दिला होता, म्हणून त्याची बाजू मांडता आली. नुसते घोषणेसारखे लिहिले असते तर मांडता आली नसती. हे आपल्या मुलांना पक्के सांगा: आपल्याला पुरावा इतरांपेक्षा दुप्पट द्यावा लागतो. हा अन्याय आहे, पण त्यातून तयार होणारी बुद्धी आपलीच राहते.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो: “प्रस्थापितांचे पेपर वाचायचेच कशाला? आता आपली चॅनेल आहेत, आपले ग्रुप आहेत.” आहेत आणि त्यांनी मोठे काम केले आहे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत जे घडले, ते राज्याच्या पहिल्या पानांवर यायला महिना उलटावा लागला, तोही लोक रस्त्यावर उतरल्यावर. आज अशी बातमी आपल्या मोबाईलवरून काही तासांत पोचते. पण त्याच मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने बाबासाहेबांनी कधीच न लिहिलेली वाक्येही फिरतात आणि आपण ‘जय भीम’ म्हणत ती पुढे ढकलतो. पाच प्रश्न तिथेही लावायचे. खंड कोणता, पान कोणते, तारीख कोणती? ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक राज्य शासनाने पुस्तकरूपात छापले आहेत. उघडून पाहायला वेळ लागतो, एवढेच. जो स्वतःच्या ग्रुपवरच्या खोट्याला हात लावत नाही, त्याला दुसऱ्याच्या मथळ्याला खोटे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

मग करायचे काय? मोठी योजना नको. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत रविवारी एक तास. एक मराठी पेपर, शक्य असेल तर एक इंग्रजी, आठवड्याची रद्दी आणि दहा मुले. एकच बातमी घ्यायची आणि पाच प्रश्न. मुलांची उत्तरे भित्तिपत्रकावर लावायची. त्यातले चांगले पत्र संपादकांना पाठवायचे, छापले नाही तर त्याचीही नोंद ठेवायची. कॉलेजच्या तरुणांनी शाळेच्या मुलांचे प्रकल्प हातात घ्यावेत, त्यांच्या वतीने लिहून देऊ नयेत.

हे नवे काही नाही. १९२४ साली बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या कामात वसतिगृह होते, मोफत वाचनालय होते आणि विद्यार्थ्यांचे ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही निघत होते. हाताशी पैसा नव्हता, छपाईची सोय नव्हती, तरी मुलांनी वाचावे आणि मुलांनीच लिहावे, ही सोय आधी केली. आपल्याकडे आज भव्य जयंतीसाठी वर्गणी निघते. दोन पेपरांचे महिन्याचे बिल निघणार नाही का?

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. तिने फोटो फाडला नाही. तोच फोटो ठेवला आणि खालच्या पाच ओळी खोडून नव्या लिहिल्या: ‘या बातमीत गर्दीबद्दल सहा वाक्ये आहेत. आलेल्या एकाही माणसाचे नाव नाही. माझी आत्या या गर्दीत होती. ती यवतमाळहून रात्रभर प्रवास करून आली आणि विहारासाठी चार पुस्तके घेऊन गेली. हे मी तिला विचारून लिहिले आहे.’

शिक्षकांनी त्यावर बरोबरची खूण केली आणि बाजूला लिहिले, ‘कोणती पुस्तके?’

प्रश्न योग्य होता. तिने आत्याला फोन लावला.

जय भीम!